परफ्यूम घ्यायचाय? आधी मसाल्याचा डबा उघडा

दुकानात गेलं की सेल्समन यादी वाचून दाखवतो, टॉपला बर्गमॉट, हार्टला जास्मिन, बेसला अंबर अन् व्हेटिव्हर, आपण मान हलवतो, कळत काही नाही, मग बाटली कशी दिसते, मित्र कोणता लावतो अन् रीलमध्ये कोण काय बोललं यावर पैसे देऊन मोकळे होतो. अन् मे महिन्यात तोच परफ्यूम मारून नागपुरात गाडीवर निघालं की शंकरनगरहून बर्डी, म्हणजे सीताबर्डी, येईस्तोवर वास गायब, की लगेच "डुप्लिकेट दिला बे त्याने." दर वेळी डुप्लिकेट नसतो बाप्पा. बरेचदा माल बरोबर असतो, फक्त आपण एसीत उभं राहून पहिली पाच मिनिटं हुंगतो, त्यावर पसंती देतो, अन् जो वास संध्याकाळपर्यंत अंगावर राहणार आहे तो घेण्याआधी हुंगलेलाच नसतो. मला जे सांगायचंय ते सगळं याच्याच भोवती आहे, शेवटी काय उरते ते आधी हुंगा, ते पण उन्हात, ते पण स्वतःच्या हातावर.

नोट म्हणजे काय ते आधी सोपं करून टाकू. बाटलीत अल्कोहोल असते अन् त्यात विरघळवलेले बरेच सुगंधी पदार्थ, काही फुलांपानांतून काढलेले, पुष्कळसे कारखान्यात बनवलेले. अंगावर मारलं की हे सगळे एकदम उडत नाहीत, हलके रेणू आधी उडतात, जड मागे रेंगाळतात, बस इतकंच आहे. सुरुवातीला येते ती टॉप नोट, ती ओसरली की हार्ट, याला मिडल पण म्हणतात, अन् शेवटी कातडीला धरून बसते ती बेस. ढोबळ हिशेब असा की टॉप दहा मिनिटं ते अर्धा तास, हार्ट दोन-चार तास, अन् बेस त्यापुढे, कधी कधी दुसऱ्या दिवशी शर्टाच्या कॉलरवर पण. हा हिशेब थंड देशातल्या माणसांनी मांडलेला आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात यातला बराच कापून टाका.

नागपूरच्या माणसाला हे समजायला फार लांब जायची गरज नाही. संत्रं सोला, साल दुमडून नाकाजवळ दाबा, जो बारीक फवारा उडतो त्यात बहुतांश लिमोनीन नावाचा पदार्थ आहे, अन् तो इतका हलका की डोळ्याला झोंबून, नाकात जाऊन, थोड्या वेळात बोटांवर नुसती आठवण राहते. ही टॉप नोट. आता संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा घ्या, तो तासन्तास खोली भरून टाकतो, अन् रात्र होत आली, फूल पिवळं पडायला लागलं की त्यात जरासा डांबरगोळीचा वास डोकावतो, तो इंडोल, तो मोगऱ्यात, चमेलीत असतोच अन् थोडासा असला की फूल खरं वाटते, काढून टाकला तर साबण वाटते. ही हार्ट. अन् बेस पाहायचा असेल तर कूलरची वाळ्याची ताटी. मागच्या वर्षीची, माळ्यावर धूळ खात पडलेली ताटी एप्रिलमध्ये काढून पाणी मारलं तरी वाळ्याचा ओला मातकट वास येतोच, मुळातलं ते तेल जड असते अन् जायला तयार नसते. फ्रेंच बाटलीवर व्हेटिव्हर लिहिलेलं असते ना, ते हेच, आपला वाळा, खस, फक्त ते लोक बरेचदा हैती नाहीतर जावाचा वापरतात अन् तो आपल्यापेक्षा थोडा धुरकट किंवा स्वच्छ वाटू शकतो.

संत्र्याची साल, गजरा, वाळा. हे तीन वास डोक्यात पक्के असले की दुकानातला कोणताही परफ्यूम हुंगून तुम्ही निदान इतकं तरी सांगू शकता की आत्ता जे येऊन राहिलं ते सालीसारखं पळणारं आहे की वाळ्यासारखं थांबणारं.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. ती नोट्सची यादी म्हणजे आतल्या सामानाची यादी नाही. स्ट्रॉबेरी, समुद्र, लेदर, पाऊस, असं लिहिलेलं असते, यातलं एकाचंही तेल काढून बाटलीत टाकता येत नाही. लिली ऑफ द व्हॅली नावाचं पांढरं फूल शेकडो परफ्यूमच्या यादीत सापडेल, त्या फुलातून कामाचं तेल निघतच नाही, तो वास सगळा बनवलेला. म्हणजे हे खोटं आहे असं नाही, चार-सहा पदार्थ मिळवून तो भास तयार करतात, त्याला ॲकॉर्ड म्हणतात, अन् ती खरी कला आहे. पण यादीत चंदन दिसलं म्हणून चंदन समजून पैसे देऊ नका. दोन परफ्यूमच्या याद्या शब्दाला शब्द सारख्या असून वास एकदम वेगळा असू शकतो, एकात व्हॅनिला चिमूटभर तर दुसऱ्यात ओंजळभर, यादीला प्रमाण नसते.

त्यापेक्षा बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात जे छापलेलं असते ते वाचा. युरोपच्या नियमामुळे ज्या पदार्थांची काही लोकांना ॲलर्जी होऊ शकते ते नावानिशी छापावे लागतात, अन् तिथे तुम्हाला लिनालूल, लिमोनीन, सिट्रल, युजेनॉल, जिरॅनिऑल, कौमारिन अशी नावं दिसतील. घाबरू नका, यातले बरेचसे आपल्या स्वयंपाकघरात रोज भेटतात. धने तळहातावर चोळून हुंगा, तो जो किंचित लिंबासारखा, फुलासारखा वास येतो ना, जेवणाचा नव्हे, त्याच्या आधीचा, तो लिनालूल, लॅव्हेंडर अन् बर्गमॉट नावाच्या लिंबासारख्या फळात पण हाच मोठा वाटा घेतो. गवती चहाचं पान चुरगळा, सिट्रल. लवंग, युजेनॉल. दालचिनीची काडी मोडा, सिनामाल. गुलाबात जिरॅनिऑल अन् त्याचा भाऊ सिट्रोनेलॉल. कौमारिन मात्र डब्यात असं वेगळं ओळखता नाही येणार, ते वाळलेल्या गवताच्या गोडसर वासाचं, परफ्यूमवाले त्याला टोंका बीन, म्हणजे एक सुगंधी बी, म्हणून खपवतात. हे एकेक करून, डोळे मिटून, घरातल्या कुणाला तरी "दे बरं एकेक हातात" म्हणून ओळखायचा प्रयत्न करा. दोन-तीन दिवस करून पाहिलं तरी नाकात फरक पडते, आधी जे नुसतं "छान" वाटायचं त्यात भाग दिसायला लागतात.

मसाल्याच्या डब्यात अजून एक हिरो आहे, दगडफूल. सावजी मसाल्यात, गोड्या मसाल्यात जाते ते, काळपट, कागदासारखं. कच्चं हुंगलं तर ओल्या झाडाच्या सालीचा, जुन्या लाकडाचा वास. परफ्यूममध्ये ओकमॉस नावाची जी प्रसिद्ध नोट आहे ती पण दगडफुलाच्याच कुळातली, ओकच्या झाडावर वाढणारी. अन् उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले शमामा नावाच्या मिश्र अत्तरात पिढ्यान्‌पिढ्या दगडफूल घालत आले आहेत. तसंच दिवाळीच्या उटण्याचं पाकीट फोडून कोरडंच हुंगा, त्यात नागरमोथा, वाळा, चंदन, कपूरकचरी असते, अर्थात पाकीट चांगलं असेल तर, नाहीतर नुसती मुलतानी माती. नागरमोथ्याचं तेल आजकाल महागड्या औदच्या (अगरच्या झाडाच्या सुगंधी लाकडाच्या) नावाने विकल्या जाणाऱ्या परफ्यूममध्ये भरपूर वापरतात कारण त्याला तो काळा, चामड्यासारखा, लाकडी वास आहे. म्हणजे अभ्यंगस्नानाला आपण जे अंगाला चोळत होतो तेच दुबईच्या बाटलीत.

वासांची घराणी पण असतात, ती पाठ करायची गरज नाही पण आपल्याला कोणतं आवडते ते माहीत असलं की दुकानात निम्मा वेळ वाचते. सिट्रस म्हणजे संत्रं-लिंबू-बर्गमॉट, ताजं, पळणारं. इथे एक समजून घ्या, सिट्रस टिकत नाही हा त्याचा दोष नाही, तो त्याचा स्वभाव आहे. 1709 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन माणसाने जे पाणी काढलं, ज्यावरून आजपर्यंत कलोन म्हणतात, ते असंच होतं, दिवसातून चारदा लावायचं. म्हणून कलोन घेऊन "दोन तासात उडाला" म्हणणं चूक. फ्लोरल सगळ्यांना कळते. वूडी, म्हणजे लाकडी, त्यात चंदन, वाळा, देवदार अन् पचौली नावाचं मातकट वासाचं पान. ॲक्वाटिक म्हणजे तो समुद्राचा म्हणवला जाणारा वास, त्यात कॅलोन नावाचा पदार्थ असतो, 1966 मध्ये फायझर या औषध कंपनीत सापडलेला, अन् नीट हुंगलं तर त्यात समुद्रापेक्षा टरबुजाची कापलेली फोडच जास्त आहे, उन्हाळ्यात आपल्याकडे चांगला चालतो. गोर्माँ म्हणजे खायच्या वस्तूंचा गोड वास, 1992 च्या एंजल नावाच्या परफ्यूमपासून ही लाट आली, त्यात जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा वास देणारा एथिल माल्टॉल होता. हा नागपूरच्या मे महिन्यात लावून ऑटोत तीन जणांच्या मध्ये बसू नका, हात जोडून विनंती.

फुझेर या नावाला लोक दचकतात पण वास तुम्ही लहानपणापासून ओळखता, सलूनमध्ये दाढी झाल्यावर जो वास येतो तो. लॅव्हेंडर, कौमारिन, ओकमॉस. 1882 मध्ये उबिगां कंपनीने फुझेर रॉयाल काढला, त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं कौमारिन वापरलं, अन् आजच्या परफ्युमरीची सुरुवात बरेच लोक तिथूनच धरतात. ऑफिसला, इंटरव्ह्यूला, सासऱ्यांना गिफ्ट द्यायला, कुठेही चालते, कुणी नाक मुरडत नाही. अंबर म्हणजे दगड नाही की झाड नाही, ते लॅब्डनम नावाचा डिंक, व्हॅनिला, लोबान यांचं मिश्रण, गरम, गोडसर, जड. गर्लां या फ्रेंच कंपनीचा 1925 चा शालिमार याच घराण्यातला, नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून. हे सगळे जड लोक थंडीत काढायचे, डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन भरते अन् सकाळी गाडीवर हात गारठतात तेव्हा.

कारण आपल्याकडचं हवामान साधं नाही ना. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठणठणीत, कातडी कोरडी, अन् परफ्यूम कोरड्या कातडीवरून लवकर उडतो, तेलकट किंवा ओलसर कातडीवर थांबतो. म्हणून आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर नाहीतर व्हॅसलिनचं बोट मनगटावर अन् गळ्याखाली लावा अन् त्यावर परफ्यूम, फरक लगेच जाणवेल. गरमीत वास लवकर उडतो याचाच दुसरा अर्थ असा की तो जोरात पसरतो, थंडीत जो परफ्यूम शालीन वाटत होता तो उन्हात किंचाळायला लागते. म्हणजे उन्हाळ्यात हलका परफ्यूम थोडा जास्त मारायचा अन् छोटी बाटली सोबत ठेवून दुपारी परत लावायचा, जड परफ्यूम मात्र एकच फवारा, तोही शर्टाच्या आत छातीवर. मृग लागला की गणित बदलते, हवा दमट झाली की गोड वास चिकट होतात, तेव्हा वाळा, हिरवे, लाकडी, मातीचे वास बरे वाटतात.

बाटलीवरच्या फ्रेंच अक्षरांचं काय, तर ते तेलाचं प्रमाण. ओ द कलोन साधारण 2 ते 5 टक्के, ओ द तॉयलेत 5 ते 15, ओ द परफ्यूम 15 ते 20, अन् एक्स्ट्रे किंवा नुसतं परफ्यूम 20 च्या वर 30 पर्यंत. हे आकडे पक्के नाहीत, प्रत्येक कंपनी आपापलं पाहते. अन् जास्त टक्के म्हणजे जास्त वेळ असंही दर वेळी नसते, वाळा-चंदनावर उभा असलेला तॉयलेत, संत्र्या-लिंबावर उभ्या असलेल्या परफ्यूमपेक्षा आरामात जास्त टिकेल, कारण टिकणं हे आत काय आहे त्यावर आहे. एकाच नावाचे तॉयलेत अन् परफ्यूम कधी कधी पूर्ण वेगळे वास असतात, हुंगल्याशिवाय "स्ट्राँगवाला द्या" म्हणू नका.

आता खरेदीला निघू. जायच्या दिवशी अंगावर काही मारू नका, डिओ पण नाही, अन् तर्री पोहे खाऊन त्याच हाताने टेस्टर धरू नका, साबणाने कितीही धुतलं तरी तर्री जात नाही. दुकानात पहिले कागदाच्या पट्टीवर. पट्टीवर मारला की लगेच नाक लावायचं नाही, अल्कोहोल आधी उडू द्या, अर्धा मिनिट. पट्टीच्या मागे पेनाने नाव लिहा, पाच मिनिटांनी कोणती कोणती ते आठवत नाही. तीन-चार पट्ट्यांच्या वर जाऊ नका, नाक थकते. ती कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते ना, ती दुकानाची शोभा आहे, साध्या हवेपेक्षा त्याने काही जास्त होत नाही, त्यापेक्षा दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहा किंवा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. पट्ट्यांमधून आवडलेले दोन, फक्त दोन, एक डाव्या मनगटावर एक उजव्या. मनगटं एकमेकांवर घासू नका, घासून रेणू तुटतात वगैरे बाता आहेत, पण घासल्याने गरम होते अन् टॉप लवकर पळते अन् दोन वेगवेगळे असतील तर खिचडी होते ते वेगळंच.

अन् मग, हे सगळ्यात महत्त्वाचं, दुकानातून बाहेर पडा. सेल्समन म्हणेल सर ऑफर आजच आहे, म्हणू द्या. बर्डीच्या मेन रोडवर एक चक्कर मारा, मोदी नंबर दोनच्या गल्लीतून जा, ऊस रस प्या, घाम येऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी मनगट नाकाजवळ न्या, चिकटवायचं नाही, थोडं दूर. जी चकचकीत लिंबाची धार दुकानात आवडली होती ती गेलेली असेल, आता जे आहे ते हार्ट. आवडलं तर ठीक. मग बर्डीच्या इंटरचेंज स्टेशनवरून मेट्रो पकडून एसीत घरी जा, एसीत तो कसा वाटते ते पण कळेल, ऑफिसमध्ये दिवसभर तेच असणार आहे. दीड-दोन तासांनी परत हुंगा. इथे बऱ्याच परफ्यूमची पोल खुलते, वरचं सुंदर फूल ओसरलं की खाली एक धारदार, लाकडासारखा, डोकं दुखवणारा केमिकलचा वास उरतो, स्वस्त असो की महाग. किंवा उलट, जो दुकानात "ठीकठाक" वाटला तो आता असा मुरलेला असतो की सारखं मनगट नाकाकडे जाते. जो असा नाकाकडे नेतो तो घ्या. अन् शक्य असलं तर रात्री झोपताना अजून एकदा, अन् ते कागदाचे तुकडे पण फेकू नका, सकाळी हुंगा, पट्टीवर काय उरलं ते पूर्ण बेस.

एक गफलत इथे नेहमी होते. दोन तासांनी आपल्याला वास येत नाही म्हणून लोक अजून फवारे मारतात. नाकाला एका वासाची सवय झाली की ते तो दाखवणं बंद करते, शिवाय काही मस्क, म्हणजे कस्तुरीसारखे वास, असे आहेत की काही लोकांच्या नाकाला ते कळतच नाहीत, जन्मतःच. आजकालच्या बऱ्याच हिट परफ्यूममध्ये ॲम्ब्रॉक्सन अन् आयसो ई सुपर असे कारखान्यात बनवलेले वासाचे पदार्थ भरलेले असतात, लावणाऱ्याला येतो-जातो-येतो असा वाटते अन् बाजूच्याला मात्र दणदणीत. म्हणून घरी आल्यावर कुणाला तरी विचारा, "येऊन राहिला का गं अजून?" बायको, बहीण, आई, जी खरं बोलते तिला. सेल्समनला नाही.

अत्तराची गोष्ट थोडी वेगळी आहे अन् माझ्या मते नागपूरच्या उन्हाळ्याला अत्तरच जास्त शोभते. मोमिनपुऱ्यात जा, ताजबागला जा, रमजानच्या दिवसांत तर रात्री पाय ठेवायला जागा नसते. तिथे काचेची काडी बाटलीत बुडवून हाताच्या मागच्या बाजूला रेघ ओढतात, कुणी कापसाचा फाया करून देतो, तो कानाच्या वरच्या घडीत खोचायचा, आजोबा लोक अजून तसंच करतात. अत्तरात अल्कोहोल नसते म्हणून तो सुरुवातीचा फटका नसतो, टॉप फारसा नसतोच, वास अंगाजवळ राहतो अन् हळूहळू उघडतो, उन्हात पण भडकत नाही. वाळ्याचं अत्तर, अन् पहिल्या पावसाचा वास म्हणून मिट्टी अत्तर, हे दोन उन्हाळ्यासाठी आधी पाहा. मिट्टी कनौजला बनते, भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यासोबत तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, टाकून खालून जाळ, अन् वाफ भपक्यात, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या भांड्यात, ठेवलेल्या तेलात धरायची. पूर्वी ते तेल चंदनाचं असायचं, आता चंदन इतकं महाग की स्वस्त अत्तरात दुसरं बिनवासाचं तेल असते. अत्तर फिक्या रंगाच्या कपड्यावर लावू नका, डाग पडतो अन् जात नाही.

भाव करताना थोडं डोकं लावा. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात, तेव्हा "असली रूह गुलाब" शंभर रुपयात कुणी देत असेल तर ते काय आहे ते तुम्हीच समजा. वास चांगला असेल तर घ्या की, फक्त असली म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. "असली कस्तुरी" म्हणाला तर हसून पुढे जा, कस्तुरीमृगाला 1972 च्या वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, बाजारात जे मस्क आहे ते कारखान्यातलं, अन् तेही काही कमी नाही, पहिलं कृत्रिम मस्क 1888 मध्ये बाउर नावाच्या जर्मन केमिस्टला स्फोटकांवर काम करताना सापडलं होतं. औदचं पण तसंच, खरा औद आसामकडच्या अगरच्या झाडाला बुरशी लागल्यावर लाकडात तयार होते, भाव ऐकून पोटात गोळा येईल, दोन-पाचशे रुपयांच्या बाटलीत तो नसतो. तोळ्याने घेण्याआधी तीन मिलीची शिशी मागा, बहुतेक दुकानदार देतात.

डुप्लिकेटबद्दल जास्त लिहीत नाही. फूटपाथवर मोठ्या नावाची बाटली पाचशे रुपयांना असेल तर ती नकलीच आहे, त्यात शंका कसली. दुकानात इम्पोर्टेड घेत असाल तर बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता अन् एमआरपीचं स्टिकर पाहा, बॉक्सच्या बुडाचा बॅच कोड अन् बाटलीच्या बुडाचा सारखा आहे का पाहा, अन् पक्कं बिल घ्या. त्यापेक्षा शंभर मिलीची उडी मारायच्या आधी पाच-दहा मिलीचं डीकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या शिशीत काढलेलं, घेऊन एक आठवडा वापरा, किंवा चार मित्र मिळून एक बाटली घ्या अन् वाटून घ्या. शंभर मिलीची बाटली रोज दोन-तीन फवारे मारले तरी वर्ष सहज जाते, तोवर कंटाळा येतो.

लावायचं कुठे, तर छाती, मानेच्या मागे, कोपराच्या आतल्या बाजूला. मनगट चाचणीला बरं, रोजला नाही, हात सारखे धुतले जातात. आपल्याकडच्या मुली गाडीवर स्कार्फ गुंडाळून निघतात त्यांच्यासाठी, स्कार्फवर थेट फवारू नका, कापड वास कातडीपेक्षा जास्त वेळ धरते अन् तोंडावर गुंडाळून तेच अर्धा तास श्वासात घेतलं की डोकं चढते. फवारायचाच असेल तर आदल्या रात्री, लांबून, एक. अन् लिंबू-संत्र्याचं शुद्ध इसेन्शियल ऑइल विकत आणून थेट कातडीला लावून उन्हात जायचा प्रयोग करू नका, बर्गमॉट, लिंबू अशा काही तेलांत ऊन लागलं की कातडी भाजून काळे डाग पाडणारे पदार्थ असतात, चांगल्या कंपन्या ते काढून वापरतात. नवीन काहीही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा, दमा असेल त्याने तर पहिले डॉक्टरांशी बोला.

राहिलं ठेवणं. उजेड, गरमी अन् हवा, या तिघांनी परफ्यूम बिघडतो, अन् नागपुरात एप्रिल ते जून तिन्ही फुकट मिळतात. ड्रेसिंग टेबलवर खिडकीसमोर रांगेत मांडलेल्या बाटल्या फोटोला छान, परफ्यूमला नाही. बॉक्समध्येच ठेवा, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली असेल तर ती खोलीच टाळा. सिट्रस वाले फ्रीजच्या दारात ठेवले तरी चालते, फक्त घरच्यांना सांगून ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही, दुपारी बंद गाडीत काय होते ते पाण्याची बाटली विसरलेल्याला विचारा. बाटलीतला रंग गडद झाला म्हणून लगेच फेकू नका, व्हॅनिला असलेले बरेचदा तपकिरी होतात अन् वासाला काही होत नाही. पण फवारल्यावर सुरुवातीलाच आंबट, व्हिनेगरसारखी धार आली अन् दहा मिनिटांनीही ती गेली नाही तर टॉप संपला समजा, अशा बाटल्या मी पडद्यांवर मारून संपवतो, खालचा बेस बहुतेक वेळा शाबूत असतो.